खड्या मिठाची खोटी वकिली

"पांढरे मीठ विष, सैंधव अमृत." आपल्याकडे मिठाचा सगळा वाद या एका वाक्याभोवती फिरतो. कुणाच्या रक्तदाबाचा विषय निघाला, उपासाचे दिवस आले, की घराघरांतल्या गटांवर तेच संदेश पुन्हा फिरू लागतात: कारखान्यातल्या मिठात सायनाइड असते, गुलाबी मिठात 84 खनिजे असतात, आयोडीन हे मोठ्या कंपन्यांचे कारस्थान आहे. समोरून येणारे उत्तरही तेवढेच आंधळे असते. खडे मीठ म्हणजे घाण, अडाणीपणा, कायद्याने बंद केलेली वस्तू. मी रायगडच्या खाडीकाठी वाढले. मार्च-एप्रिलच्या उन्हात मिठाच्या राशी चमकताना पाहिल्या आहेत आणि घरच्या लोणच्यात बारीक मीठ पडलेले कधी पाहिलेले नाही. म्हणून हा वाद मला लागतो. माझे म्हणणे असे आहे की नैसर्गिक मीठ वाचवलेच पाहिजे, पण ते चवीसाठी, कामासाठी, ते पिकवणाऱ्या माणसांसाठी आणि ज्या जमिनीवर ते पिकते तिच्यासाठी. औषध म्हणून त्याची वकिली करणारे लोक खटला हरण्याचीच तयारी करत आहेत, आणि त्या हरण्याची किंमत मिठागरे मोजतील.

मुळात 'नैसर्गिक' आणि 'शुद्ध केलेले' ही विभागणीच कच्ची आहे. समुद्राचे पाणी नुसते आटवले तर जे हाती येते ते तोंडात धरवत नाही. भरतीचे पाणी आत घेतले जाते, एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत उन्हात तापवले जाते. पाणी घट्ट होत जाते तसा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतो. मग मिठाचा दाणा धरतो. त्यानंतर जे पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते कडू असते आणि वेळेवर काढून टाकले नाही तर सगळी रास कडवट होते, दमट हवेत पाझरत राहते. कोणत्या वाफ्यातले पाणी कधी पुढे सोडायचे, दाणा धरल्यावर किती दिवसांनी ओढायचा, कडू पाणी कधी बाहेर घालवायचे, हे जाणण्यातच आगरी माणसाची विद्या आहे. त्याआधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून, चोपून घट्ट करायची, नाहीतर मिठात चिखल येतो. म्हणजे मीठ शुद्ध करण्याची सुरुवात कारखान्यात होत नाही, ती आगरातच होते. "आमचे मीठ निसर्गाने दिले तसे, माणसाचा हात न लागलेले" अशी जाहिरात करणारा माणूस त्या मिठामागचे सगळे कसब पुसून टाकतो.

काळ्या मिठाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पादेलोण आपण चाटेवर, ताकात, कैरीच्या पन्ह्यात घालतो, पोट फुगले की ओव्यासोबत घेतो आणि ते डोंगरातून तसेच काढलेले असावे असे समजतो. प्रत्यक्षात मीठ, कोळसा आणि हिरडा, बेहडा, आवळा, बाभळीची साल यांसारखी वनस्पतिद्रव्ये बंद भांड्यात घालून भट्टीत कित्येक तास भाजले जाते. त्या आचेत मिठातल्या सल्फेटचे सल्फाइड होते, म्हणून तो उकडलेल्या अंड्यासारखा वास. लोहाच्या सल्फाइडमुळे खड्याला काळसर-जांभळा रंग येतो आणि कुटले की ते गुलाबी दिसते. हे सरळसरळ रसायनशास्त्र आहे, आपल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी साधलेले. त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. मग ज्या मिठाला भट्टी लागते ते 'नैसर्गिक' आणि ज्याला कारखाना लागतो ते 'विषारी', ही रेघ नेमकी कुठे ओढायची?

सैंधवाचे तसे नाही. ते खरोखर खणून काढलेले मीठ आहे. सिंधूच्या प्रदेशातले म्हणून सैंधव, आपले शेंदेलोण. आज 'हिमालयन' नावाने विकले जाणारे गुलाबी मीठ प्रामुख्याने पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतून येते. ती हिमालयाच्या शिखरांवर नाही, मिठाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे ते मीठ. म्हणजे सैंधव आणि सामुद्र यांच्यातला फरक वयाचा आहे, वंशाचा नाही. भारतात खनिज मिठाच्या खाणी हिमाचलातल्या मंडी जिल्ह्यात, द्रंग आणि गुम्म्याला आहेत, पण देशाची मागणी त्यांनी कधीच भागली नाही. मे 2025 मध्ये पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी आली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की आपल्या उपासाच्या ताटातले मीठ कुठून येत होते.

आता त्या 84 खनिजांकडे येऊ. एखाद्या दगडात सूक्ष्म उपकरणाने शोधले तर कित्येक मूलद्रव्यांचा मागमूस सापडेल. त्यात शिसे आणि आर्सेनिकही असू शकते. प्रश्न किती मूलद्रव्ये आहेत हा नाही, किती प्रमाणात आहेत हा आहे. गुलाबी मीठ सुमारे 97-98 टक्के सोडियम क्लोराइडच असते. त्याचा गुलाबीपणा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच जातीचा. दिवसाला 5 ग्रॅम गुलाबी मीठ खाल्ले तर त्यातून पोटॅशियम मिळेल 15 मिलिग्रॅमच्या आसपास. प्रौढ माणसाला दिवसाला हवे असते 3,500 मिलिग्रॅम. एका केळ्यात साडेतीनशेच्या वर मिळते. म्हणजे एका केळ्याची बरोबरी करायला गुलाबी मीठ शंभर ग्रॅमहून जास्त खावे लागेल, आणि तेवढे मीठ एका बैठकीत खाल्लेला माणूस जगण्याची खात्री नाही.

मीठ बदलल्याने तब्येत सुधारू शकते का? शकते, आणि त्याचा पुरावा आहे. चीनच्या 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर पाच वर्षे एक मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष 2021 मध्ये आले. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीच्या पुढचे, रक्तदाब असलेले हे लोक होते. निम्म्या गावांना दिलेल्या मिठात एक चतुर्थांश भाग पोटॅशियम क्लोराइड होते. त्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी झाले. पण तिथे पोटॅशियम पाव हिस्सा होते, लेशमात्र नव्हते. आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला तेच मीठ घातक ठरू शकते. हे काम सैंधव करत नाही. माझ्या नात्यातल्या एका काकूंनी रक्तदाबाचे निदान झाल्यावर घरात सैंधव आणले आणि समाधान मानले. "हे चालते ना," म्हणून कोशिंबिरीवर, ताकात, फळांवर वरून मीठ घेणे वाढले. वर्षभराने त्यांना चक्कर येऊन पडल्यावर दवाखान्यात न्यावे लागले. त्या फसल्या, कारण त्यांना कुणीतरी खनिजांबद्दल सांगितले होते आणि सोडियमबद्दल सांगितले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. सरासरी भारतीय त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. त्या आकड्यापुढे मिठाचा रंग बिनमहत्त्वाचा आहे.

इथे आयुर्वेदाचा आधार पुढे केला जातो, आणि तो मी उडवून लावणार नाही. चरकाने लवणांमध्ये सैंधव पथ्यतम, म्हणजे सर्वांत हितकर, म्हटले आहे, हे खरे. सैंधव, सौवर्चल, बिड, औद्भिद, सामुद्र असे पाच प्रकार ओळखून त्यांचे गुण वेगवेगळे लिहिणारी ती परंपरा बारकाईची आहे. शेकडो वर्षे वैद्यांनी रोगी बघून कोणते लवण कशात घालायचे हे ठरवले, त्यामागे निरीक्षण होते. पण तोच चरक आपल्या संहितेच्या 'विमानस्थान' या भागाच्या पहिल्या अध्यायात तीन द्रव्यांचा अतिवापर करू नका असे बजावतो: पिप्पली, क्षार आणि लवण. लवण म्हणताना तो सैंधवाला त्यातून वगळत नाही. सैंधवाची महती सांगणाऱ्या संदेशांत हा दुसरा अर्धा भाग मला आजवर एकदाही दिसलेला नाही. परंपरेचा मान राखायचा तर तो पूर्ण राखायला हवा.

आणि आता आयोडीन, जिथे हा वाद खरोखर धोकादायक होतो. "समुद्राच्या मिठात आयोडीन मुळातच असते, मग वरून कशाला?" हा प्रश्न शहाणी माणसेही विचारतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार आणि सुमारे 60 मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, आणि तसे होत नाही, कारण बरेचसे त्या कडू पाण्यात निघून जाते, तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्यालाही त्यातून 17 मायक्रोग्रॅम मिळतील. गरज आहे 150 ची, गरोदर बाईला 250 ची. घरापर्यंत पोचलेल्या आयोडीनयुक्त मिठात ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम असावे हा नियम याच हिशेबातून आला. सैंधवात तर आयोडीन नसल्यातच जमा. गलगंडाचा पट्टा कुठे होता आठवते? हिमालयाच्या पायथ्याशी. जिथे खनिज मिठाच्या खाणी आहेत त्या मंडीला लागूनच कांगडा खोरे आहे, आणि 1956 मध्ये वैद्यकीय संशोधक डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी गलगंडावरचा आपला प्रसिद्ध प्रयोग तिथेच सुरू केला, कारण दर दहांतल्या तीन-चार माणसांच्या गळ्याला गाठ होती. काही भागाला आयोडीनचे मीठ, काही भागाला साधे. सहा वर्षांत आयोडीनवाल्या भागातले प्रमाण निम्म्यावर आणि त्याखाली आले. त्यावरच 1962 चा गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. गळ्याची गाठ निदान दिसते तरी. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते ती कुणाला दिसत नाही. मूल 'मठ्ठ' ठरते आणि शाळा सोडते.

यावर विरोधकांचे तीन मुद्दे वजनदार आहेत. पहिला सक्तीचा: खाण्यासाठी विकायच्या मिठात आयोडीन असलेच पाहिजे असा नियम आहे; मग ज्याला गरज नाही त्यानेही तेच मीठ का खावे? हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2011 मध्ये न्यायालयाने सक्तीचा तो नियम ज्या कायद्याखाली केला होता त्याच्या कक्षेबाहेरचा आहे असे म्हटलेही; मात्र लोकांचे आरोग्य डोळ्यांसमोर ठेवून तो लगेच थांबवला नाही, सरकारला मुदत दिली. पुढे नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ती तरतूद राहिली. दुसरा मुद्दा किनाऱ्याचा: रोज समुद्रातली मासळी खाणाऱ्याला आयोडीन मिळते. खरे आहे. पण किनाऱ्यावर सगळेच मासळी खात नाहीत, जे खातात ते श्रावणात, चातुर्मासात सोडतात, आणि देशात पाहणी केलेल्या 414 जिल्ह्यांपैकी 337 जिल्ह्यांत आयोडीनची कमतरता आढळली होती. ती डोंगराळ मुलुखापुरती राहिलेली नव्हती.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त पटतो, आणि तोच सर्वांत कमी मांडला जातो. आयोडीनच्या नियमाने छोट्या मिठागरवाल्याला बाजारातून ढकलले. पाकीटबंद मीठ, शिक्का, तपासणी, हे सगळे ज्याच्याकडे यंत्र आणि भांडवल आहे त्याला सोपे. काही गांधीवादी मंडळींनी याची तुलना इंग्रजांच्या मिठाच्या कायद्याशी केली. 2000 साली बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवरची बंदी उठवली गेली तेव्हा हेच भावनिक बळ मागे होते. मग आयोडीनच्या मिठाचा वापर घसरला आणि मे 2006 पासून बंदी पुन्हा आणावी लागली. तुलना मुळीच चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. इंग्रजांच्या मीठ-धोरणाचा इतिहास म्हणजे स्थानिक आगर मारून दूरचे मीठ खपवण्याचा इतिहास आहे. इंग्लंडमधल्या चेशायरचे पांढरेशुभ्र मीठ लिव्हरपूलहून जहाजात भरून बंगालमध्ये उतरवले गेले आणि तिथल्या किनाऱ्यावर मीठ बनवणारे मलंगी देशोधडीला लागले. गोव्यात तर पोर्तुगीजांचे राज्य असूनही सुटका नव्हती: 1878 च्या करारात इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून गोव्याच्या मीठ-उत्पादनाचा ताबाच घेतला, कारण तिथले स्वस्त मीठ सीमा ओलांडून आले तर कर बुडत होता. तो करार 1892 मध्ये संपेपर्यंत मिठागरवाले गोवेकर आपल्याच खाजणात परके झाले होते. म्हणूनच 1930 मध्ये दांडीपाठोपाठ वडाळ्याच्या आगरांवर आणि 12 मे रोजी शिरोड्याला माणसे मूठभर मीठ उचलायला गेली आणि डोकी फोडून घेतली.

पण त्या कायद्याने गरिबाच्या ताटातून काढून घेतले. या नियमाने त्यात घातले. हा फरक विसरला तर तुलना फसवी होते. आणि छोट्या आगराला वाचवण्याचा मार्ग आयोडीन नाकारण्यातून का काढायचा? खड्या मिठावर आयोडीन चढवता येते. पोटॅशियम आयोडेटचे द्रावण फवारायचे, मीठ खालीवर करायचे, वाळवायचे, एवढेच ते काम आहे. खड्याचा आकार, ओल, चव जागच्या जागी राहते. मग आयोडीन घातलेले खडे मीठ प्रत्येक वाण्याकडे का नाही? आगरवाल्यांच्या सहकारी संस्थेला फवारणीचे साधन, तपासणीची सोय आणि आयोडेटचा पुरवठा सरकारने द्यावा, ही मागणी कुणी लावून धरली आहे? 'आयोडीन हटाव' म्हणणाऱ्यांनी ती धरली असती तर आज उरण-पेणच्या मिठाला शहरातल्या स्वयंपाकघरात कायदेशीर वाट मिळाली असती. शिवाय कायद्याने मासळी खारवणे, टिकवणे, जनावरे, औषधनिर्मिती अशा कामांसाठी बिनआयोडीनचे मीठ तशी नोंद करून विकायला आजही मुभा आहे. खडे मीठ 'बंद' आहे म्हणणारेही चूकच सांगतात.

सायनाइडची भीती थोडक्यात निकाली निघते. मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून फेरोसायनाइड घालतात, किलोमागे जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम. त्यातला सायनाइड लोहाशी इतका घट्ट बांधलेला असतो की पोटात सुटा होत नाही. दहा ग्रॅम मिठातून ते 0.1 मिलिग्रॅम जाईल. साठ किलोच्या माणसासाठी सुरक्षित मानलेली रोजची मर्यादा आहे दीड मिलिग्रॅम. पण पाकीटवाल्यांनीही यावरून मिशीला पीळ देऊ नये, आणि आपण खड्यावाल्यांनीही हे ऐकावे: 2018 मध्ये मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांना बाजारातल्या मिठात प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. समुद्रात जे गेले ते मिठात आले. ठाणे खाडीत नाले सोडायचे आणि 'निसर्गाचे शुद्ध मीठ' मागायचे, हे एकत्र कसे जमेल? मीठ खाडीएवढेच स्वच्छ असते. खड्या मिठाच्या प्रत्येक चाहत्याने खरे तर खाडीचा रखवालदार व्हायला हवे होते.

मग या मिठाची खरी बाजू कोणती? स्वयंपाकघरात शिरा म्हणजे दिसेल. कैऱ्या, लिंबे, मिरच्या खारवायच्या तर जाडे मीठ हवे. लोणचे या शब्दातच लवण आहे. खडा हळूहळू विरघळतो, फोडीतले पाणी सावकाश ओढतो, फोड करकरीत राहते. आणि गुठळ्या न होण्यासाठी बारीक मिठात घातलेल्या भुकटीने खार गढूळ होतो तसा यात होत नाही. सुरमई, मुशी खारवताना, बांगड्याच्या पोटात भरताना कोळणीचा हात जाड्या मिठाकडेच जातो, कारण बारीक मीठ वरच्या थरातच विरघळून बसते आणि आतले मांस कच्चे राहते. शेंगा खाऱ्या करायला, पॉटमधल्या आइस्क्रीमभोवती बर्फात टाकायला, मीठ-मोहरीने दृष्ट काढायलाही तेच. थोडी ओल आणि मॅग्नेशियमचा किंचित अंश राहिल्यामुळे त्याची चव नुसत्या खारटाहून वेगळी लागते, हे जिभेला कळते. त्याला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नको. एक व्यवहाराची गोष्ट: चमचाभर खड्या मिठात मोकळ्या जागा राहतात, म्हणून ते वजनाला बारीक मिठाहून कमी भरते. खडे मीठ 'सौम्य' वाटते त्यामागचे एक कारण हेही आहे.

या एवढ्यावर मीठ टिकते का? टिकते. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर गेरांदची मिठागरे शतकानुशतकांची आहेत. मागच्या शतकाच्या उत्तरार्धात तिथेही पर्यटन, रस्ते आणि हौशी नौकांच्या धक्क्याच्या योजना त्या जमिनीवर आल्या. मीठ पिकवणारे आणि स्थानिक लोक एकत्र उभे राहिले. 1972 मध्ये उत्पादकांचा गट झाला, 1988 मध्ये सहकारी संस्था, आणि 2012 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन. आज ते राखाडी मीठ आणि वाफ्याच्या पृष्ठभागावरून अलगद काढलेली मिठाची साय जगभर महाग विकली जाते. ते विकले जाते गावाच्या नावावर, हातांच्या कसबावर, चवीवर. रक्तदाब बरा करण्याच्या आश्वासनावर उभा केलेला धंदा पहिल्याच प्रामाणिक तपासणीत कोसळला असता.

आणि आपल्याकडे? मुंबई आणि उपनगरांत पाच हजार एकरांहून अधिक मिठागरांची जमीन आहे. 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हापासून शहराला माहीत आहे की खाजणे, मिठागरे आणि तिवरे पावसाचे आणि भरतीचे पाणी पोटात घेतात. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप, मुलुंडची 255.9 एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी घेण्याचा निर्णय केला. घरे लागतात, हे मला मान्य आहे. धारावीतल्या माणसाला छप्पर मिळू नये असे कुणीही म्हणू नये. पण ज्या जमिनीवर खारे पाणी चढते तिथे गरिबाला वसवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे, आणि आगर एकदा भरावाखाली गेले की पुन्हा दाणा धरत नाही. तो निर्णय आला त्या आठवड्यात मी माझे गट चाळले. गुलाबी मिठाचा संदेश तीनदा आला होता. भांडुपच्या आगरांबद्दल एका ओळीचाही नव्हता.